कोरडा कप्तान

३ मार्च
जावयाने आज पुन्हा जहाज हाकलं — जेवणाच्या टेबलावरून! रोजच्या बोलण्यातले इंग्रजी वाक्प्रचार जहाजांवरून कसे आले, यावर कॉलेजात व्याख्यान देणार आहे. "आई, 'टेकन अबॅक' म्हणजे गांगरून जाणं. वारा अचानक समोरून आला की शीड उलटं डोलकाठीवर आपटायचं, जहाज जागच्या जागी थबकायचं." खरंय ते. पण या माणसाने वारा खाल्लाय कुठे? पंखा तीनवर गेला की शिंका सुरू. पलीकडच्या काठाला जायच्या वीस मिनिटांच्या लाँचमध्ये चार पिशव्या भरून ओकला होता. कोरडा कप्तान!

नात लिहिता लिहिता हसतेय. हसू नको, लिही. मला अक्षर येत नाही. तोंड माझं, हात तिचा.

५ मार्च
व्याख्यानाची तालीम. दोनदा. लेकीने झोपल्याचं सोंग घेतलं. मला खरीच लागली.

८ मार्च
पत्र आलं! नातीची निवड झाली — जहाजावरची अधिकारी व्हायच्या शिक्षणाला. वय सतरा, म्हणून बापाची सही हवी. कागद वीस तारखेच्या आत पोचला पाहिजे.

बाप म्हणाला, "समुद्र हे काय पोरीबाळींचं काम आहे? मी सही करणार नाही." आणि अर्ध्या तासात त्याच तोंडाने तिलाच समजावत बसला, की 'नोइंग द रोप्स' म्हणजे कामाची खडान्‌खडा माहिती असणं, कारण जहाजावर आधी दोर ओळखावे लागत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! मी आणि आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं गोदीच्या शेडमध्ये शिडं शिवली, दोर जोडले. या पोरीला खुळखुळ्याच्या जागी दोराचा तुकडा दिला होता मी. चौथ्या वर्षी गाठी मारायची. आणि याच्या बुटाची नाडी अजून लेक बांधते.

पोर जेवली नाही. हेही लिही.
"नको ना, आज्जी."
लिही म्हटलं ना!

१० मार्च
आज 'थ्री शीट्स इन द विंड'. म्हणजे पिऊन झिंगलेला. जावई म्हणाला, तीन शिडं वाऱ्यावर फडफडतायत असा अर्थ.

मी म्हटलं, "जावईबापू, शीट म्हणजे शीड नव्हे, दोर. शिडाचा खालचा कोपरा ओढून धरतो तो. परदेशी खलाशी याच नावाने मागायचे माझ्याकडे. तो सुटला की शीड मोकाट, जहाज झोकांड्या खातं."

हसला. "आई, मी वाचलंय. तुम्हांला वाचता येत नाही."

लेकीच्या हातातला चमचा थांबला. लेकीच्या घरी राहते, म्हणून गप्प बसले. तोंड शिवायला मला कोण शिकवणार? शिवणकामातच जन्म गेला.

११ मार्च
आज काही सांगायचं नाही.

१५ मार्च
सांगायचंय! भरपूर सांगायचंय!

व्याख्यान झालं. कप्तानाने स्टेजवर बांबू उभा केला, त्याला लेकीची पलंगावरची चादर शीड म्हणून लावली, आणि मागे हा एवढा उभा पंखा. खालच्या कोपऱ्याला दोर नावापुरता. तो बांधला कशाला, तर पाण्याच्या तांब्याच्या स्टुलाला. तीही नाडीची गाठ! मी लेकीला म्हटलं, "बघत राहा." पंखा लागला. गाठ सुटली, तांब्या आडवा, चादर थेट अध्यक्षबाईंच्या डोक्यावर. बाई आत, आवाज बाहेर! अख्खं सभागृह खिदळतंय आणि आमचा कप्तान हातात कागद धरून उभा.

मग पोर उठली. धावत वर. भिरभिरणारा दोर हवेतच पकडला, कठड्याच्या खांबाला दोन वेढे दिले, वर गाठ. एवढ्यात झालंही. चादर टम्म फुगली आणि स्थिर. पोर खाली येऊन बसली. मग टाळ्या.

जावई तिच्या हातांकडे बघत राहिला. पुढचा कागद उलटेना त्याला. वारा समोरून लागला होता.

१७ मार्च
संध्याकाळी माझ्या खोलीत आला. हातात दोर. "आई, ती गाठ दाखवा."

दाखवली. सात वेळा चुकला. आठव्यांदा स्वतःचा अंगठा बांधून घेतला. मी म्हटलं, "शिकलेल्या माणसाला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

खाली मान घालून म्हणाला, "मला पोहता येत नाही, आई. तिला काही झालं तर मी काठावरच उभा."

"मग उभे राहा. नांगराचा दोर कितीही खोल गेला तरी त्याचं एक टोक जहाजावर खुंटाला बांधलेलं असतं. ते सुटलं की संपलं. तो खुंट काय पोहतो?"

अंगठा सोडवत म्हणाला, "इंग्रजीत त्या टोकाला 'बिटर एंड' म्हणतात. 'टू द बिटर एंड' म्हणजे अगदी शेवटपर्यंत."

म्हणत असतील. सगळं ठाऊक असतं मेल्याला, उपयोग तेवढा ठाऊक नसतो. (ओळ खोडू नकोस गं, बाप आहे तुझा, पण ओळ माझी आहे.)

२ एप्रिल
अक्षर बदललंय. जावई लिहितोय. पोर सकाळी जहाजाच्या शिक्षणाला गेली. सही अठरा तारखेलाच केली होती त्याने, कुणाला न सांगता. मागची पानं वाचू नका म्हटलं होतं — सगळी वाचली. म्हणाला, "शीट म्हणजे दोर, हे माझ्या टिपणांत दुरुस्त करतो, आई." बाकी शिव्यांबद्दल अवाक्षर नाही. आता नाक ओढतोय, मधेच थांबतोय. म्हटलं, हेही लिहा.

लिहिलं म्हणतो. मला काय कळणार? विश्वास ठेवायचा.