मावशीच्या गळ्यात याह्या

पळसतांडा, ता. सेनगाव, जि. हिंगोली
फेब्रुवारी २००४

आदरणीय अनिरुद्धदादा यांना प्रेमदास राठोडचा वाकून नमस्कार. (तुम्ही हिंगोलीत आणि मी इथं खाटेवर, त्यामुळे बसल्या बसल्याच वाकलो. पण वाकलो.) गंगूताईंचे गुडघे थंडी सरल्यावर बरे असतील. राधाकृष्णकाकांचा खोकला देवळातल्या धुपानं वाढतो असं त्यांना कितीदा सांगितलं, पण ते ऐकणारे नव्हेत. जान्हवीवहिनींना माझा नमस्कार सांगा. सांगायची गरज नाही म्हणा, कारण तुमच्या घरात येणारं पत्र आधी त्याच वाचतात. आमच्याकडची खुशाली काय लिहू? सवयीनं 'सर्व क्षेम' लिहिणार होतो, पण याडी गेल्यानंतरचं हे पहिलंच पत्र. आईला आम्ही याडी म्हणतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तुमचं सांत्वनाचं पत्र मिळालं. इंग्रजीत लिहिलंत याबद्दल माझी तक्रार नाही. आपण दोघांनी काही वर्षं एकाच टेबलावर बसून परदेशी पोरांचं इंग्रजी धुतलं, वाळवलं आणि इस्त्री केलं, त्यामुळे काही गंभीर लिहायचं झालं की हात आपोआप त्याच भाषेकडं जातो. पत्र निर्दोष आहे. पहिल्या परिच्छेदात मुद्दा, दुसऱ्यात खुलासा, तिसऱ्यात समारोप. वाचता वाचता मी खिशातून लाल पेन बाहेर काढलं होतं, हे मला धाकट्या शिलानं माझा हात धरला तेव्हा कळलं. "भाऊ, हे काय करून राहिलास?" असं तिनं विचारलं. मी म्हणालो, काही नाही, एक स्वल्पविराम बघत होतो. ती तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

वहिनी वाचतीलच, म्हणून त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. विद्यापीठात आमच्यासारख्या संशोधक पोरांना शिष्यवृत्ती बसून खाऊ देत नाहीत. बाहेरच्या देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांचं प्रबंधाचं इंग्रजी दुरुस्त करायच्या कामाला जुंपतात. येमेन, सुदान, इराण, थायलंड, कुठकुठची माणसं. आपापल्या विषयात हुशार, पण प्रबंधाची भाषा म्हटली की हातपाय गाळणारी. त्यांना आम्ही सांगायचं की 'मी' लिहू नका, 'असं आढळून आलं' लिहा. 'नक्की' म्हणू नका, 'असावं असं दिसतं' म्हणा. पुरावा नसेल तर कुणाला चांगलं म्हणायचं नाही. (वहिनी, तुमच्या स्वयंपाकाला दादा कधीच नक्की चांगला म्हणत नसतील, तर त्याचं कारण हे आहे.) आमच्या येमेनच्या याह्यानं पहिला अध्याय आणला तेव्हा त्याची सुरुवात परीक्षकांना सलाम, त्यांच्या लेकरांची चौकशी आणि त्यांच्या आरोग्यासाठी दुवा अशी चांगली दीड पान होती. दादांनी ते पान काढायला लावलं, आणि ते बराबरच होतं. मला मात्र ते वाचताना तांड्यात बसल्यासारखं वाटलं होतं.

तर त्या दिवशी मी वर्गात सावधपणे कसं लिहावं हाच धडा घेत होतो. शिपाई हरिचंद दारात आला आणि म्हणाला, "सर, गावाकडून फोन व्हता. तुमची आई गेली म्हणं." आणि मी, दादा, सगळ्या वर्गासमोर त्याला विचारलं, म्हणं म्हणजे काय, कोण म्हणलं? तो बिचारा बाहीनं डोळे पुसत होता आणि मी त्याच्याकडं संदर्भ मागत होतो. शेवटी याह्यानं माझ्या हातातला खडू काढून घेतला, माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि मला बसस्टँडवर नेलं. तो परत जाईल असं मला वाटलं होतं, पण तोही बसमध्ये चढला. त्यांच्याकडं दुःखात असलेल्याला एकट्याला सोडत नाहीत. त्याचा प्रबंधही बरोबर आला, कारण ती पिशवी तो झोपतानासुद्धा उशाखाली घेतो.

पुढचं समजायला आमची एक पद्धत माहीत पाहिजे. आमच्या तांड्यात एकट्यानं रडत नाहीत. घरातलं माणूस गेलं तरी घरचे लोक कोरड्या डोळ्यांनी चहा उकळतात, सरपण फोडतात, ढोरांना पाणी दाखवतात. बाहेरून कुणी आलं की मात्र दारातच त्याच्या गळ्यात पडतात आणि मग सूर लागतो. सूर म्हणजे खरोखरचा सूर, बायका गाऊन रडतात. आधी गेलेलीला हाक मारायची, मग तिनं काय काय केलं ते सांगायचं, आणि शेवटी आता आम्ही कसं करावं असं तिलाच विचारायचं. पुरुषांना गाता येत नाही, पण तेही आलेल्याच्या गळ्यात पडून भडभडून रडून घेतात आणि मग तंबाखू मळत बसतात. जितकी माणसं येतील तितक्यांदा रडणं, पण एका माणसाच्या येण्यावर एकदाच. असं दहाव्यापर्यंत चालतं आणि तोवर घरातली माणसं थोडी हलकी होतात.

म्हणजे मी पोचेन तेव्हाचं रडणं सगळ्यांत मोठं असणार होतं. थोरला लेक, शिकलेला, लांबून येणारा. सगळा तांडा आमच्या दारात जमून वाट बघत होता. जीप थांबली, मी उतरलो, बा दोन्ही हात पसरून पुढं आला, आणि माझ्यामागून याह्या उतरला. त्याची उंची तुम्हाला ठाऊक आहे. तो जीपमधून नुसता उतरत नाही, उलगडत जातो. सूर धरायला उघडलेली बायकांची तोंडं उघडीच राहिली. लेकरं बैलगाडीवर चढली. आमचे नायक बाबूसिंग (तांड्याच्या नायकाला आधी पाहुण्याची ओळख द्यावी लागते, याडी गेली म्हणून ते चुकत नाही) पुढं आले आणि त्यांनी विचारलं, "हे पाव्हणं कुठलं म्हणायचं?" मी सांगितलं, येमेन. "कोन्त्या तालुक्यात येतं?" आणि मी तिथं उभा राहून येमेन हा अरबस्तानाच्या दक्षिणेला असलेला देश, तिथं कॉफी पिकते, हे त्याच कॉफीच्या व्यापारावर प्रबंध लिहीत आहेत, असं सगळं क्रमवार सांगितलं. सवय, दादा. सांगून झाल्यावर बाच्याकडं पाहिलं तर त्याचे हात खाली गेले होते. तो म्हणाला, "चल. याडीचं तोंड पाह्य."

मी पाहिलं. याडीच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायला जीप येईपर्यंत ती गेली होती, त्यामुळे आजारपणाचं काहीच चेहऱ्यावर नव्हतं. पुढचं सगळं मी बराबर केलं. खांदा दिला, अग्नी दिला, कुठं चुकलो नाही. फक्त रडलो नाही. अजूनही रडलेलो नाही, आणि तांड्यात आता त्याचीच चर्चा चालू आहे. कुणी म्हणतं पोरगं शिकून दगड झालं, कुणी म्हणतं त्याला तिकडं बायको असावी. (बायको आणि रडू यांचा संबंध कसा लावला, हे मी विचारलं नाही.)

मला रडू येतच नाही असं नाही. ते गळ्यापर्यंत येतं आणि तिथं मी लाल पेन घेऊन बसलेला असतो. रामसिंगकाका आले आणि बाच्या गळ्यात पडून म्हणाले की नानीबाईसारखी (याडीचं नाव नानीबाई) बाई सात तांड्यांत नव्हती. मी मनात म्हणालो, काकांनी सातही तांडे पाहिले का? शेजारच्या निर्मलाबाईनं सूर धरला की नानीबाईच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही. मला आठवलं की साखर कारखान्याचा एक मुकादम उपाशी गेला होता, याडीनंच हाकलला होता. मग मी असा अपवाद शोधत बसलेलो असताना रडणं संपायचं, माणसं तंबाखू मळायला लागायची आणि माझ्या हातात चहाचं ताट यायचं. एकेक माणूस असं निघून गेलं. येणाऱ्याच्या गळ्यात पडायला मी पुढं व्हावं, तर त्याला आधी याह्या दिसायचा आणि मला परत अरबस्तानाच्या दक्षिणेपासून सुरुवात करावी लागायची.

माझी सगळी आशा रूपामावशीवर होती. ती याडीची सख्खी बहीण, सिद्धेश्वरच्या धरणाकडच्या तांड्यावर राहते. तिनं मला अंगाखांद्यावर खेळवलंय. तिच्या गळ्यात पडलो की लाल पेनाचं काही चालणार नाही, हे मला माहीत होतं. ती येणार त्या सकाळी याह्या माझ्याजवळ बसून हळूच विचारत होता की ह्या बायका भांडत आहेत का. मी म्हणालो, नाही, रडत आहेत, आणि त्याला रचना समजावून दिली. आधी संबोधन, मग तपशील, शेवटी प्रश्न. तो चांगला विद्यार्थी आहे, त्यानं मान हलवली. तेवढ्यात मी चहा बघायला आत गेलो आणि बाहेर मावशी आली.

मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दारात पुरुषमाणूस उभं राहिलं, शिलाच्या शेजारी, तर ते प्रेमदासच असणार. तिनं हंबरडा फोडला आणि याह्याला धरलं. तिचं डोकं त्याच्या पोटापर्यंत येत होतं, पण त्या घडीला तिला मी फार वाढलो असंच वाटलं असावं. मी ताट घेऊन बाहेर आलो तेव्हा मावशी गात होती, आणि तिचं कडवं संपलं तसा याह्यानं सूर धरला. अरबीत. आधी हाक मारली. मग कितीतरी वेळ काहीतरी सांगत राहिला, हातानं दाखवत राहिला, भाकरी थापल्यासारखं, दिवा लावल्यासारखं, कुणाच्या डोक्यावरून पदर सारल्यासारखं. शेवटी प्रश्न विचारला आणि तिथंच खाली बसला. तुम्हाला आठवत असेल, त्याची आई गेली तेव्हा त्याला घरी जाता आलं नव्हतं. गेला असता तर व्हिसा पुन्हा मिळेल की नाही याची खात्री नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी तो तिसरा अध्याय घेऊन वर्गात आला होता. सगळा तांडा रडला, दादा. बाबूसिंग नायक रडले. बा त्याच्या शेजारी जमिनीवर बसला आणि त्याचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेऊन रडला. मी चहा सांडू न देता उभा होतो.

मावशीला नंतर सांगितलं की हा प्रेमदास नव्हे. ती म्हणाली, "मंग काय झालं? त्याची बी याडीच गेली नं?" मग तिनं मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, पण तिचं रडून झालं होतं. एका येण्याला दोनदा रडता येत नाही, आणि तिच्याकडं तेवढं उरलंही नव्हतं. याह्यावर मी रागावलो नाही. खोटं कशाला लिहू, थोडा रागावलो. माझ्या वाट्याचं होतं ते.

संध्याकाळी शिलानं चूल फुंकता फुंकता विचारलं, "भाऊ, तुला काहून रडू येऊन न्हाई राहिलं? तुमी तिकडं शिकवता तरी काय?" बा म्हणाला, "न्हाई रडला तर न्हाई. त्याला तकलीफ देऊ नको. जेवू दे पोराला." ते ऐकून मला जास्त लाज वाटली.

असो. पत्राचं कारण असं की हे पत्र घेऊन दारात वाकून उभा असलेला माणूस म्हणजे याह्या. महिनाअखेर त्यानं प्रबंध दिला नाही तर त्याची शिष्यवृत्ती थांबेल, आणि दहावं होईपर्यंत मला तांडा सोडता येत नाही. शेवटचा अध्याय तुम्ही बघून द्यावा, अशी विनंती आहे. त्याची काही अडचण नाही. वरण-भात आवडीनं खातो, गंगूताईंनी सोवळ्याची काळजी करू नये. नमाजाला एक कोपरा द्या आणि पंख्याखाली उभा करू नका. काकांना आणि ताईंना नमस्कार.

तुमचा,
प्रेमदास

ता. क. याह्याला आता मराठीत 'बराबर' आणि 'जेवला का' एवढं येतं. वहिनींनी तेवढ्यावर गैरसमज करून घेऊ नये, तो सगळ्यांनाच विचारतो.

ता. क. प्रबंधाची पिशवी उघडायची तसदी घेऊ नका. शेवटचा अध्याय परवा दुपारी बाभळीखाली बसून आम्ही दोघांनी संपवला. त्यात आता तुम्हालाही काही सापडणार नाही. त्याला हिंगोलीला पाठवलं ते एवढ्यासाठी की त्याला आमचा रस्ता पाठ झालाय, आणि अनिरुद्धसरांना घेतल्याशिवाय परत फिरू नको असं मी त्याला सांगितलंय. तो शब्दाचा पक्का आहे, दारातून हलणार नाही.

ता. क. दहावं रविवारी आहे. सेनगावहून जीप मिळते. काही आणू नका, वाटेत बोलायचं काही जुळवून ठेवू नका, इंग्रजीत तर अजिबात नको. याह्याला जीपमध्येच थोडं थांबायला सांगा आणि तुम्ही आधी उतरा. सगळे नातेवाईक येऊन गेले, दादा. आता यायचं राहिलेलं माझं माणूस तुम्हीच आहात.