काचेच्या कपाटातले चीज रोल

अब्बा, आज सकाळी चीजचे रोल केले आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मीच तुमच्या वयाला येऊन टेकले आहे. बारामतीत माझ्या ओट्यावर विजेचा लहानसा ओव्हन आहे. बटण फिरवलं की हवी तेवढी आच. इंदापूरच्या आपल्या बेकरीच्या भट्टीत तुम्ही चिमूटभर मैदा फेकायचात आणि तो किती वेळात तांबूस होतो, त्यावरून आच ओळखायचात. मला ते कधी जमलं नाही. मला सगळं झटपट हवं असायचं, आणि ही खोड अजून गेलेली नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं. बारावी होऊन मी घरी बसले होते. तुमच्यामागे भुणभुण लावून बारामतीच्या एका बेकरी क्लासला जायला लागले, आठवड्यातून दोनदा एसटीनं. तिथल्या बाईंनी एक दिवस चीजचे रोल शिकवले. मैदा, दही, बेकिंग पावडर, किसलेलं चीज आणि थिजलेलं तूप. फार मळायचं नाही, पीठ फुगायची वाट बघायची नाही, अर्ध्या-पाऊण तासात रोल तयार. मी वही नाचवत घरी आले. तुम्ही विचारलंत, "आन् खमीर?" लागतच नाही म्हटल्यावर पोट धरून हसलात. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पीठ आंबल्याबिगर कसला गं पाव?" पण संध्याकाळी आपणहून म्हणालात, "कर तू. जमलं की काचंत ठिवू."

दुकानातल्या त्या काचेच्या कपाटात पाव, खारी, टोस्ट, सगळं तुमच्या हातचं असायचं. त्यात माझं काही ठेवलं जाणार, या एका गोष्टीनं मला झपाटलं. आणि रोल काही केल्या जमेनात. आपल्या डालड्यातले रोल दगडासारखे व्हायचे, चीज वितळून भाजायच्या पत्र्याला चिकटायचं. तुम्ही एकेक तुकडा मुकाट्यानं चावायचात आणि म्हणायचात, "दात हायेत तवर खाऊन घेतो." मी चिडायचे, आत जाऊन रडायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदा चाळायला घ्यायचे.

मग दिवाळी आली. गावोगावच्या बायका मैदा, साखर, तूप घेऊन नानकटाई भाजून न्यायला आपल्याकडे यायच्या. पाव निघाल्यावर उतरत्या आचेत त्यांचे पत्रे आत जायचे. तुमचा एकच कायदा होता. गिऱ्हाइकाच्या डब्यातला कणसुद्धा आपला नाही. डब्याच्या कडेचं तूपदेखील बोटानं निपटून तुम्ही त्यांच्याच पिठात घालायचात. "अमानत हाय ती," म्हणायचात.

बावडा गावच्या एक वहिनी त्या दिवशी डबा ठेवून बाजारात गेल्या. घरच्या म्हशीचं रवाळ तूप होतं त्यात. तुम्ही भट्टीपाशी आहात, मी मागच्या खोलीत परात घेऊन बसले आहे. त्या दुपारी रोल जमले, अब्बा! पापुद्रे सुटले, वरचं चीज सोनेरी झालं, वास पार रस्त्यापर्यंत गेला. भट्टीतून पत्रा निघताच मी तो तुमच्यापुढे धरला. तुम्ही एक रोल मोडलात, नाकाशी नेलात आणि तुमचं हसू गेलं.

"तूप कुठलं ह्ये?"

तुमची नजर बावड्याच्या डब्याकडे गेली. "चुकून घेतलंस व्हय?"

मी म्हणाले, "हो."

तुम्ही सगळेच्या सगळे रोल कागदात बांधलेत. वहिनी आल्या तेव्हा, कधी कुणापुढे न वाकलेले तुम्ही, हात जोडून उभे राहिलात. "वहिनी, पोरीकडनं चूक झाली. डबे सारखेच दिसत्यात. तुमच्या तुपाचे हायेत, समदे तुमीच न्या." त्यांना काहीच वाटलं नाही. उभ्या उभ्या एक रोल खाल्ला त्यांनी. "आवं चाचा, वाटीभर तुपाचं काय येवढं! पर पोरीनं लई झ्याक केलंय की." त्या हसत होत्या, तुम्ही हसला नाहीत. मला मात्र त्या क्षणी शरमेपेक्षा आनंदच जास्त झाला होता. आज ते आठवलं की माझाच राग येतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः जाऊन तसंच म्हशीचं तूप आणलंत आणि माझ्यापुढे ठेवलंत. "आता आपल्या तुपाचं कर." ते रोल तुम्ही तुमच्या हातानं काचेत मांडलेत, अगदी वरच्या फळीवर. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलात, "आमच्या लेकीनं केल्यात." आणि एकदा मी ऐकतेय हे माहीत नसताना शेजारच्या शिंप्याला म्हणालात, "पोरगी चुकंल, पन खोटं बोलायची न्हाय."

हे लिहिलेलं मी रेसिपीच्या वहीत ठेवून देणार आहे, मुलांनाही दाखवणार नाही. पण तुम्हाला एकदा सांगायला हवं होतं. चुकून नव्हतं ते, अब्बा. झाकण काढून मी आधी बोट बुडवलं, चव घेतली, आपलं नाही हे ओळखलं, आणि मग वाटी भरून घेतली.