पाहुण्यांच्या आधी सुटलेली दौड

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की शाळेत तुम्हाला पाहिलेलं माणूस आता मी एकटीच उरले आहे. मीही खेळाची बाई झाले. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, आणि पोरं मागून माझ्या चालीची नक्कल करतात, जशी आम्ही तुमची करायचो. आज चौदा एप्रिल. सकाळची दौड झाली, संध्याकाळच्या मिरवणुकीला अजून वेळ आहे, आणि आनंदाने दुपारची झोप काही लागेना. म्हटलं, तुम्हालाच सांगावं.

तुम्हाला ती मे महिन्यातली दुपार आठवते का? मी आठवीत गेले होते. सुट्टी संपल्यावर तालुक्याच्या स्पर्धा होत्या, आणि भर उन्हात सराव केला की सकाळचं पळणं सोपं जातं असं मला कुणीतरी सांगितलं होतं. केजच्या रस्त्यावरचं डांबर मऊ झालंय, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी एकटी पळते आहे. बऱ्याच वेळाने माझ्या अंगावर काटा आला. गार वाटायला लागलं. मी खूश, वाटलं वारा सुटला. समोरून तुम्ही सायकलवर आलात. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "सर, लई गार वाटतंय." तुमचा चेहराच उतरला. तुम्ही मला ओढतच लिंबाखाली नेलं, जवळच्या शेतातून बादलीभर पाणी आणून डोक्यावर आणि मानेवर ओतलं, टॉवेलने वारा घालत बसलात. मी ताळ्यावर आल्यावर मग जे झापलंत, ते झापलंत. "वारा कुठं हाय? वर बग, पान तरी हलतंय का? उन्हात पळताना गार वाटाया लागलं की समजायचं, आता घात हाय. थांबायचं." मी वर पाहिलं. खरंच, एक पान हलत नव्हतं. मग आवाज खाली आणून म्हणालात, "उन्हासंगं शर्यत लावायची न्हाई, पोरी. ऊन दमत न्हाई. तू दमतीस."

सायकलच्या कॅरिअरवर बसवून तुम्ही मला तुमच्या घरी नेलं. थेट स्वयंपाकघरात. काकूंनी मीठ घातलेलं ताक दिलं, मी एका दमात संपवलं आणि पेला धुवायला उठले. आमच्या वस्तीतल्या पोरीला ते सांगावं लागत नसे. काकू चुलीपुढून म्हणाल्या, "ठिव तितं. आमच्या घरातल्यांनी कंदी धुतलाय का पेला?" तुम्ही हसलात, आणि मला रडू आलं. उन्हाने आलं, असं तेव्हा सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तुमचा सराव उजाडायच्या आत सुरू झाला. आधी पाणी प्यायला लावायचात. तहान लागल्यावर विहीर खणायची नसते, ही म्हण पुस्तकात आहे हे मला नंतर कळलं, मी ती तुमचीच समजत होते. आणि तुमचा तो जुना पांढरा शर्ट. ढगळ, पूर्ण बाह्यांचा, हात भाजू नयेत म्हणून दिलेला. माझ्या गुडघ्यापर्यंत यायचा. मैत्रिणी म्हणायच्या, पळणारा झगा आला बघा. हसोत बिचाऱ्या, तालुक्यात मी तिसरी आले.

आता आजचं सांगते. जयंतीची ही दौड आधी फक्त मुलांची होती. मुलींची सुरू करायला मला समितीच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागल्या ते मलाच ठाऊक. यंदा मुलांपेक्षा मुली जास्त होत्या. झाडाझाडाखाली पाण्याचे माठ ठेवले, आयांना मीठ-साखरेचं पाणी घेऊन मध्ये मध्ये उभं केलं, मागे जीप ठेवली. पोरींना बजावलं की दमलं तर चालायचं, गरगरलं तर बसायचं, आणि बसलेलीला कुणी हसलं तर गाठ माझ्याशी आहे. सगळं उजाडताच तयार. नव्हते फक्त पाहुणे. ते बीडहून झेंडा दाखवायला येणार होते. फोन केला की उत्तर एकच, केजला पोचलो, नाश्ता करतोय. सूर्य वर आला. लेकरं रेषेवर उभी. सावल्या आखूड व्हायला लागल्या.

समितीचा अध्यक्ष माझाच जुना विद्यार्थी. तो हळूच म्हणाला, "बाई, पाहुण्यांबिगर कसं सोडायचं? त्ये रागावले तर फुडल्या साली दौडच बंद व्हईल."

"मान पाहुण्यांचा हाय, पण डोकी लेकरांची हायेत."

"अर्धा तास फक्त, बाई."

"अर्ध्या तासानं ही दौड ऱ्हाणार न्हाई, भाजणं व्हईल."

आणि मी शिट्टी वाजवली. निळ्या रिबिनी उडवत पोरी सुटल्या, मागोमाग पोरं. खोटं कशाला बोलू. एवढ्या वर्षांनी मिळवलेली दौड मी एका फुंकरीत घालवली, असं वाटलं. पाहुणे आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पोरी मांडवात बसून कलिंगड खात होत्या, हनुवटीवरून रस गळत होता. अध्यक्षाचा चेहरा पाहवत नव्हता. "झेंडा तर ऱ्हायला, आता ह्यांच्या हातानं काय करायचं, बाई?" म्हणाला. मी पाहुण्यांच्या हातात सुरी दिली आणि उरलेलं मोठं कलिंगड पुढे केलं. त्यांनी एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा पोरींकडे, आणि बाह्या वर करून कापायला बसले. टाळ्या पडल्या. पहिली फोड स्वतःच खाऊन म्हणाले, "फुडल्या साली मी आदल्या राती मुक्कामालाच येतो."

हे पत्र टाकायला आता पत्ताच नाही. काकूही आता नाहीत. तिकडे ढोल घुमायला लागलाय, मला साडी बदलायची आहे. पण एक सांगून टाकते. सकाळपासून ज्याला त्याला मी सांगत सुटले आहे की शिट्टी वाजवताना मला आमचे सर आठवले. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. खरं म्हणजे सर, त्या वेळी तुम्ही मला आठवलाच नाहीत. समोर लेकरं होती, ऊन चढत होतं, एवढंच. तुम्ही आठवलात ते नंतर, सगळ्यात शेवटची पोरगी रमतगमत, हसत चालत परत आली तेव्हा.