ढाल पुन्हा काळी

६ एप्रिल १९८७
करंडकांचं कपाट ऑफिसातून हलवलं. कुठं? मागच्या अंगणात, बंद विहिरीला लागून असलेल्या खोलीत! हेडसर म्हणाले, "ऑफिसात जागा नाही, मावशी." चौदा वर्षं या शाळेचे कप मी घासते. मला विचारायची पद्धत नाही. १ मेला शाळेचा रौप्यमहोत्सव, तेव्हा सगळं लख्ख हवं. चांदीची मोठी ढाल तर मधोमध.

९ एप्रिल
पितळेचे कप चिंचेनं घासले. लाकडी पाट्यांना खोबरेल. संगमरवरी बैठकींना नुसतं ओलं फडकं – आंबट लागलं की दगड खरबरीत होतो. स्टीलला काही लागत नाही, कोरडं पुसलं की झालं. ढाल खडूच्या पुडीनं, हलक्या हातानं. आरसा झाली!
खोलीत मात्र वास. सडक्या अंड्यासारखा. विहिरीवर कित्येक वर्षं फरश्या टाकलेल्या, आणि मुतारीचं पाणी आतच झिरपतं. दुसरं काय होणार!

१३ एप्रिल
ढाल काळी! चार दिवसांत! ऑफिसात होती तेव्हा दिवाळीची चमक उन्हाळ्यापर्यंत टिकायची. हेडसर ओरडले – "कशानं घासली? तुमच्या हाताला घाम येतो." माझ्या हाताला! चौदा वर्षं नाही आला तो?
पुन्हा घासली. स्टीलचे कप जसेच्या तसे.

१६ एप्रिल
पुन्हा काळी. या वेळी तीन दिवसांत.
आमच्या चोपडा गावात टंचाई, नळाला पाणी नाही. समारंभाला तर हवं. म्हणून विहीर उघडून गाळ काढायचं ठरलं. मी लगेच म्हटलं – माझा धाकटा भाऊ भिकन हेच काम करतो, रावेरकडच्या केळीच्या मळ्यांत त्यानंच गाळ काढलाय. "बोलवा," म्हणाले. भावाला काम मिळालं म्हणून खुशीत घरी आले.

१८ एप्रिल
विज्ञानाच्या प्रमिलाबाई पेपर तपासायला धुळ्याला निघाल्या होत्या. त्यांना ढाल दाखवली. पिशवी खाली ठेवली आणि बघतच राहिल्या. "मावशी, चांदी अशी एकदम काळी पडते ती गंधकाच्या वायूनं. विहिरीतून येत असणार. विष असतं ते. मी येईपर्यंत कुणाला उतरू देऊ नका." बस चुकेल म्हणून गेल्या.
भिकनला निरोप मीच धाडलाय.

२० एप्रिल
हेडसरांना सगळं सांगितलं. हसले. "प्रमिलाबाईंना प्रत्येक गोष्टीत प्रयोग दिसतो. तुम्ही आधी ढाल पुसा, उद्या सकाळी संस्थेचे अध्यक्ष बघायला येताहेत."
संध्याकाळी पुसली. काळं दिसलं की माझा हात थांबतच नाही.

२१ एप्रिल
भिकन आला, दोर नि टोपल्या घेऊन. त्याला म्हटलं – उतरू नको रे, या विहिरीपायी चांदी काळी पडते.
"दखाड बरं," म्हणाला.
बघायला खोलीत नेला. ढाल लख्ख! त्याचंच तोंड दिसलं त्यात. दाखवायला काळं काही उरलंच नव्हतं – मीच पुसलं होतं!
हसला. "अक्का, चांदीले काय कळस? कंदील सांगस." फरश्या सरकवल्या आणि दोराला बांधून कंदील खाली सोडला. गाळ काढणारे सगळे असंच करतात – कंदील विझला तर उतरायचं नाही. तो तळापर्यंत गेला. जळतच राहिला.
"दख, इझना का? बठ्ठं बराबर शे. सकाये उतरसू."
"आणि वास?"
वाकून हुंगलं. "वास बी नही येत आते."
मीही वाकले. खरंच येत नव्हता. सकाळी तर डोकं फुटत होतं त्या वासानं. मग आता कुठं गेला? मला भीती वाटते. फार वाटते.

२२ एप्रिल
उतरला.

२५ एप्रिल
लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहिते.
दोरानं वर काढला. अंगावर ओरखडा नाही. हातातलं चांदीचं कडं तेवढं काळंठिक्कर. आणि त्यानं सोबत नेलेला कंदील तळाला अजून जळत होता.
घरी मंदा, त्याची बायको, ते कडं राखेनं घासायला बसली. "पुसू नको!" – जमलेल्या बायकांसमोर ओरडले. कडं मागून घेतलं. माझ्या पेटीत ठेवलंय, जसंच्या तसं.

२९ एप्रिल
प्रमिलाबाई आल्या. म्हणाल्या, त्या वायूनं कंदील विझत नाही, आणि तो जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास कळत नाही. हेडसरांनी पोलिसांना सांगितलं म्हणे – "माणूस मावशींनीच आणला होता."
आणला होता. खोटं काय त्यात.

७ मे
समारंभ पुढं ढकलला. विहिरीवर परत फरश्या. ढाल काळी पडली आहे. पुसणार नाही. हेडसर रोज सांगतात, मी रोज ऐकून घेते.

१५ ऑगस्ट
कपाटात आज एक कप वाढला. मुलींच्या खो-खोसाठी, त्यावर भिकनचं नाव. हेडसर माझ्या हातात देत म्हणाले, "मुद्दाम स्टीलचा घेतला, मावशी. काळा पडायची भानगड नको."