दिवा घालवून बसलो

मंगळवार, संध्याकाळ

आज स्वतःच्याच घरात चोरासारखा बसलो, दिवा घालवून. कंबर गेली म्हणून डॉक्टरांनी काम कमी करायला सांगितलं, तेव्हापासून गॅरेज सहाला बंद करतो. पण गॅरेज खाली आणि घर वर. बंद करून जाणार कुठे?

आज रेहानाला इंद्रायणीकाठी फिरायला नेणार होतो. ती ओढणी घेऊन तयारही झाली होती, तेवढ्यात खालून हाक आली. "इकबालभाऊ हायेत का?" निघोज्याचे ज्ञानोबा, शाळेची व्हॅन चालवतात ते. मी पटकन दिवा घालवला. रेहाना गॅलरीतून म्हणाली, "ते बाहेर गेलेत."

"व्हय का वहिनी? मग बसतो हितंच. ब्रेक लागंनात, सकाळी पोरं न्यायचीत."

बसले ते जिन्यावरच. जिना एकच. आम्ही दोघं अंधारात. खोकला आला तर उशीत तोंड घातलं. हे काय चाललंय माझं?

शेवटी उतरलोच. ज्ञानोबांनी मला वरून येताना पाहिलं आणि बाजूला सरकून वाट दिली. शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं. ब्रेक दुरुस्त करून दिले.

वर आलो तर ओढणी घडी होऊन कपाटात गेलेली. रेहाना म्हणाली, "उद्यापासून मी खोटं बोलणार नाही. नाही म्हणायचं असेल तर तुम्हीच गॅलरीत या."

बरोबर आहे तिचं. पण ब्रेक लागत नाहीत म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणू? आणि उद्या येणाराही असंच काहीतरी घेऊन येणार.