छप्पन्नाव्या वर्षी पाळी

५ नोव्हेंबर
काल नवरीच्या डोक्यावर मुकुट चढवताना अंगाची अशी लाही झाली की माझा घाम तिच्या गालावर टपकला. इथे मोरोक्कोत, तेतुआनमध्ये तीस वर्षं नवऱ्या सजवते, असली फजिती कधी नाही! आज डॉक्टर सेब्तीबाईंकडे गेले. हॉर्मोनची जेल दिली. सकाळी बाटलीचा पंप एकदाच दाबून दंडावर चोळायची, आणि झोपताना एक कॅप्सूल. दोन्ही घ्यायच्याच, नुसती जेल लावली तर गर्भाशयाला धोका. सिगरेट नको, मॅमोग्राम करा, रक्त दिसलं तर लगेच या. सगळं काटेकोर पाळणार.

२ डिसेंबर
घाम गायब! कॅप्सूलने मात्र सकाळी गुंगी येते. पिना नवरीच्या ओढणीला लावायच्या की तिच्या मानेला? लग्न असेल तेव्हा कॅप्सूल नाही.

१९ डिसेंबर
लग्न नसलं की कपडे दुरुस्त करते. सुया तिथेही असतातच. कॅप्सूल कायमची बंद.

११ जानेवारी
जेलचा पंप आता दोनदा दाबते. एकदा दाबून एवढं तेज, मग दोनदा का नको? नणंद रकिया म्हणाली, वहिनी, डॉक्टरला विचारलंस? म्हटलं, तुझ्या पोटात का दुखतंय?

१६ मार्च, पाचवा रोजा
पाळी आली! चार वर्षांनी! पाळीत रोजा माफ. इतर बायका लपूनछपून खातात. मी भर दुपारी स्वयंपाकघराचं दार सताड उघडं टाकून मध-लोणी लावून पाव हाणला. रकियाचा आ वासलेला. अगं, ह्या वयात? हो, ह्याच वयात! बस जळत.

२४ मार्च
नववा दिवस. जोरात आहे. तरुणपणी असायचीच जोरात. रकियाची एकच भुणभुण, सेब्तीबाईंकडे चल. नाही जाणार. म्हातारीने म्हातारीसारखं राहावं, एवढंच त्या सांगणार.

२८ मार्च
जिन्यात चक्कर आली. रकियाने धरलं, टॅक्सीत कोंबलं. तिची कटकट थांबावी म्हणून गेले.
सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड निघालं. कॅप्सूल रोज घेता ना, बाईंनी विचारलं. रकियासमोर काय सांगणार? एकही चुकवली नाही म्हटलं. बाईंचा चेहरा उतरला. दोन्ही नीट घेऊन हे असं असेल तर मला जास्तच काळजी वाटते, म्हणाल्या. तेव्हा ओकले सगळं. कॅप्सूल तीन महिन्यांवर बंद, जेल दुप्पट.
ही पाळी नव्हेच, म्हणाल्या. तपासायला तुकडा काढला. फार दुखलं. कॅन्सर असेल का, हे विचारायला तोंड उघडेना. रकियाने विचारलं. बाई म्हणाल्या, बहुधा नसेल, पण रिपोर्ट बघितल्याशिवाय शब्द देत नाही.

४ एप्रिल
रिपोर्ट उद्या. घाबरले आहे. रकिया म्हणाली, मी येते सोबत.
नको म्हटलं नाही.