तह धरणाऱ्याचं घर

दानुगान,
१९ फेब्रुवारी १९८९

प्रिय मानोंग एव्हारिस्तो,

जेद्दाहून तू पाठवलेलं पत्र आणि लेतीचा फ्रॉक, दोन्ही पोचलं. फ्रॉक तिला मोठा होतो, पण अंगातून काढू देत नाही. तुझी तब्येत बरी असेल, तिकडच्या उन्हात डोक्यावर काही घेत असशील, अशी आशा करते. इकडे सगळं ठीक आहे. वरच्या खाचरांतली लावणी उरकली. कॉफी यंदा बेताचीच. क्लेमेन्ते सकाळपासून छपरावर चढलाय, पत्रे ठोकतोय. त्या आवाजात मी लिहितेय.

मेयरनी माझ्यावर एक काम टाकलंय. पालिकेच्या वर्धापनदिनाला पुस्तिका निघणार आहे आणि लुबायची माहिती लिहायला त्यांना शाळेतली बाई हवी होती. मी लिहिलं, आपली पालिका डोंगरात आहे. सपाट जमीन म्हणाल तर चर्चचं अंगण आणि शाळेचं मैदान, बाकी सगळी उभी. आमा आपल्याला, त्यांच्या पोरांना, नेहमी म्हणतात ना, "बाकीच्या देशात माणूस आजारानं मरतो, आपल्याकडे स्वतःच्या शेतातून पडून मरतो", तेही घातलं होतं. मेयरनी खोडलं. म्हणाले, "बाई, पाहुणे येणार आहेत, त्यांना घाबरवता का?" मग मी नद्या लिहिल्या, गावं लिहिली, भात, कॉफी, घेवडा लिहिला. शेवटी त्यांना एक वाक्य हवं होतं, की इथले लोक शांतताप्रिय आहेत. ते अजून लिहायचं राहिलंय.

एप्रिलमध्ये सुट्टीवर येतो म्हणालास. मानोंग, एप्रिलमध्ये नको येऊस. खालच्या वळणावर दरड आलीय, जीपनी गाड्या अर्ध्या वाटेतून परततात. उन्हाळाही कडक असतो. मालकाला विचारून सुट्टी वर्षअखेरीला घेता येते का बघ. आणि निघालाच असशील तर मनिलात थांब, चुलत्यांकडे राहा. वर येणाऱ्या गाडीत बसू नकोस. कुणी विचारलं तर सालेगचा आहे असं सांगू नकोस.

हे वाचून तुला कळलंच असेल. दरडीला घाबरणाऱ्यातला तू नाहीस आणि मीही नाही.

आपल्या धाकट्यानं, वेन्सेनं, दायगला मारलं.

दायग म्हणजे क्लेमेन्तेचा चुलतभाऊ, माझ्या लग्नात उलटी टोपी घालून नाचला होता तो. वेन्से घेवड्याच्या गोण्या घेऊन खालच्या बाजारात गेला होता. माल विकला आणि सगळे एकाच खानावळीत प्यायला बसले, सालेगचे आणि दानुगानचे. दायगनं थट्टा केली, "काय रे, तुमची मास्तरीण आमच्याकडे पाणी भरते, आता तुमच्या पोरांना शिकवणार कोण? तू?" मानोंग, असली थट्टा तो माझ्या तोंडावर रोज करायचा. वहिनी म्हणायचा मला. मी त्याला पळी फेकून मारायचे आणि तो हसत पळायचा. तेवढंच होतं ते. पण वेन्सेला चढली होती आणि आजूबाजूचे हसले. गोणीची सुतळी कापायचा सुरा त्याच्या कमरेला होता.

दायग त्या टेबलावरच गेला. वेन्से पळाला. कुठे आहे ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी इथून लिहिलं नसतं.

पुढचं तुला सांगायला नको. दानुगानच्या थोरांनी आमांचा भाला परत पाठवला. माझं लग्न ठरलं तेव्हा माझे वडील म्हणून आमांनी आणि दानुगानकडून अपो बुलायाओनी भाले बदलून जो तह बांधला होता, आपला बोदोंग, तो तुटला. आता सालेगचा कुठलाही पुरुष दानुगानच्या कुणालाही बदल्यात मारायला चालतो. मारणाऱ्याचा भाऊ असेल तर आधी चालतो. परवा आपल्या गावच्या लाकासानवर त्याच्याच कॉफीच्या बागेत गोळी झाडली. जगेल म्हणतात, पण पाय गेला. आपल्या गावची हायस्कूलची मुलं घरी बसलीत.

बायकांना कुणी हात लावत नाही. मला फक्त जायला सांगितलंय. उद्या क्लेमेन्ते मला नदीपर्यंत सोडणार.

काल मी लेतीचे कपडे बांधायला घेतले तर सासूबाई आल्या आणि गाठोडं सोडून एकेक कपडा परत खुंटीवर टाकायला लागल्या.

मी म्हटलं, "आई, ती अजून अंगावर पिते."

"दोन वर्षांची आहे. भात खाईल."

"माझ्याशिवाय झोपत नाही हो ती."

"बासिलिया," त्या म्हणाल्या, "मला काय हौस आहे का? तू सालेगची, तू जाशील. पोर दानुगानचं आहे. मी तिला नदीपलीकडे जाऊ दिलं तर उद्या दायगची आई माझ्या दारात येऊन थुंकेल, आणि मी काय बोलणार तिला?" मग माझ्याजवळ बसून त्याच रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. मी त्यांची पाठ थोपटत बसले.

क्लेमेन्तेला मी विचारलं, "तू वेन्सेला शोधायला जाणार का?" तो म्हणाला, "मला जायला सांगतील." एवढंच म्हणाला, आणि शिडी घेऊन छपरावर गेला. पत्रे चांगले आहेत, मानोंग. ठोकण्यासारखं तिथे काही नाही.

फादर उद्या खाली जाणार आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. येऊ नकोस.

तुझी बहीण, आणि उद्यापर्यंत लेतीची आई,
बासिलिया


सालेग,
२३ एप्रिल १९८९

प्रिय मानोंग,

तुझी दोन्ही पत्रं एकदमच मिळाली. तू येतो म्हणून हट्ट धरलास, तिकीटही बघून ठेवलंस. थांबलास हे बरं केलंस. रागावून का होईना, थांबलास.

मी आपल्या घरी आहे, आईजवळ. इनाची तब्येत ठीक. तिची डुकरीण व्याली, सगळी पिल्लं जगली. ओढ्याकाठचा बांध ढासळला होता, तो शेजाऱ्यांनी येऊन बांधून दिला. न बोलावता आले, काम केलं, जेवायला थांबले नाहीत. लाकासान कुबड्यांवर चालतो. मुलं पुन्हा शाळेत जायला लागली. जीपनी पुन्हा दानुगानवरून जाते आणि सालेगची माणसं पूर्वीसारखी तिच्या टपावर बसतात.

म्हणजे तह पुन्हा जुळला. आता तू विचारशील, कसा.

आधी आमांनी सगळं करून पाहिलं. मध्यस्थ पाठवले. म्हशी देऊ केल्या, घंटा देऊ केल्या, आजोबांची सगळ्यात जुनी घंटासुद्धा, आणि ओढ्याकाठची खाचरं. अपो बुलायाओ तयार होते. पण दायगची आई उमिंग सभेत उठून उभी राहिली. बायका सभेत बोलत नाहीत, पण तिला कुणी बसवलं नाही. ती म्हणाली, "म्हशी मला आई म्हणतील का?" मग आमांकडे बोट करून म्हणाली, "लुमबाया, भाला बदलताना तू काय बोलला होतास? माझ्या माणसानं तह मोडला तर तुम्हाला माझ्या दारात यायला लागणार नाही, त्याला मीच बघीन, असं बोलला होतास. आम्ही सगळ्यांनी तेव्हा तुझं डुक्कर खाल्लं. मग आता?"

सभा तिथेच उठली. त्यानंतर दानुगानच्या माणसांनी आपल्याकडच्या दोघांना रस्त्यावर गाठून मारलं. सेवेरोचा थोरला आणि त्याच्याबरोबरचा पाहुणा. पाहुणा तर आपल्या गावचाही नव्हता. सेवेरोची बायको आपल्या अंगणात येऊन बसली. ओरडली नाही. संध्याकाळी उठून जाताना म्हणाली, "तुमचा कुठे लपलाय ते आम्हाला माहीत आहे. आम्ही सांगणार नाही. तुम्हीच ठरवा."

वेन्से आपल्याच भाताच्या कोठारात होता. इना त्याला जेवण द्यायची. आमांना माहीत होतं, मलाही. घरात त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. मी कोठाराला पाठ लावून तांदूळ पाखडायचे आणि तो आतून बोलायचा. लेतीबद्दल विचारायचा. मला खोटं बोलवत नव्हतं म्हणून मी सुपाचा आवाज मोठा करायचे. एकदा मला, थोरल्या बहिणीला, म्हणाला, "मानांग, मी त्याला मारायचं ठरवलं नव्हतं." मी म्हटलं, "माहीत आहे." तो म्हणाला, "त्याच्या आईला सांगशील?" मी म्हटलं, "तिला सांगून काय होणार?" हे मी बोलायला नको होतं.

एका सकाळी आमा कोठारापाशी गेले आणि म्हणाले, "चल बाहेर. तुला पालिकेत पोलिसांच्या हवाली करतो. तुरुंगात तरी जिवंत राहशील." इनानं हे ऐकलं आणि तिचा चेहराच उजळला. मानोंग, तिनं त्याला अंघोळ घातली. एवढ्या मोठ्या मुलाला, चुलीवर पाणी तापवून. तू पाठवलेला निळा सदरा घातला. वाटेत खायला केळीच्या पानात भात बांधून दिला. त्याच्या गालाला हात लावून म्हणाली, "पोलिसांसमोर मान खाली घाल. उलट बोलू नकोस. मी रविवारी येते भेटायला." वेन्से हसला. कितीतरी दिवसांनी त्याचे दात दिसले.

मीही अंगणात उभी होते. आमांच्या कमरेला कुऱ्हाड होती. पण आमांच्या कमरेला कुऱ्हाड नेहमीच असते.

ते एकटे परत आले. घरात न येता सरळ थोरांच्या कट्ट्यावर गेले, आणि रीतीप्रमाणे सगळ्यांसमोर बोलले. तेच तुला सांगते, मी त्यात काही घालत नाही. म्हणाले, "झुलत्या पुलाच्या अलीकडे आम्ही बसलो. त्यानं भात सोडला. अर्धा मला दिला. मी खाल्ला. मग त्यानं विचारलं, आमा, तुरुंगात भात देतात का? मी म्हटलं, देतात. मग म्हटलं, पूल अरुंद आहे, तू पुढे हो."

एवढं बोलून ते खाली बसले. अपो बुलायाओना निरोप गेला. दानुगानची माणसं येऊन बघून गेली. उमिंगही आली होती. तिनं वेन्सेच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हा तर लहान आहे." मग तिला धरून न्यावं लागलं.

पोलीस आले होते. कुणी काही पाहिलं नव्हतं. मेयरनी आमांचा हात हातात घेतला आणि पालिकेत शांतता राखल्याबद्दल त्यांचे आभार मानले. आमांनी हात काढून घेतला.

इना आमांशी बोलत नाही. त्यांचा भात शिजवते, वाढते आणि ते जेवून उठेपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसते. रडत नाही, शिव्या देत नाही. तिनं शिव्या दिल्या तर बरं होईल असं आमांना वाटतं. मला तसं म्हणालेही. शिव्या मलाही देता येत नाहीत.

कारण मानोंग, मला लेती मिळालीय. क्लेमेन्ते तिला घेऊन सकाळी आला. तिनं मला आधी ओळखलं नाही, त्याच्या मानेत तोंड खुपसलं. मग ओळखलं. आत्ता ती अंगणात आमांच्या मांडीवर बसून त्यांच्या गळ्यातले मणी ओढतेय आणि आमा तिला ओढू देताहेत. इनाला दारातून हे दिसतंय. मलाही दिसतंय. ते माझे वडील आहेत, मी त्यांचा तिरस्कार करायला हवा, आणि माझं पोर त्यांच्यामुळे माझ्याकडे आहे. उद्या आम्ही तिघं दानुगानला जाऊ. तिकडे मला कुणी काही बोलणार नाही. सगळे मान देतील. त्याचीच मला भीती वाटते.

आता तुझ्याबद्दल. आमांनी मला समोर बसवून सांगितलंय, ते त्यांच्या शब्दांत लिहिते. "एव्हारिस्तोला लिही, रस्ता मोकळा आहे. त्यानं यावं. मी म्हातारा झालो. तह थोरल्यानं धरायचा असतो. भाला त्याच्या हातात दिला की मी सुटलो." त्यांना तू हवा आहेस, मानोंग, नुसता भाला द्यायला नव्हे. तुझ्याशी बोलायचं आहे त्यांना. या घरात त्यांच्याशी बोलणारं कुणी उरलेलं नाही.

आमांचं लिहून झाल्यावर इना आत आली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच पुरतं बोलली. "माझं पण लिही," म्हणाली. मी म्हटलं, "सांग." ती म्हणाली, "लिही की तू आलास तर तुझ्या हातात तो भाला देतील. मग तुलाही मुलगे होतील. इनाला एकच मुलगा उरलाय, त्याचं तोंड तिला बघायचंय, पण तो न आलेलाच बरा." मग चुलीकडे वळली आणि म्हणाली, "त्याला थंडीत खोकला होतो. तिकडे थंडी नसते ना?"

मी सांगितलं, नसते.

दोघांचे निरोप जसेच्या तसे दिलेत. माझं मत विचारू नकोस. ते मी लिहिलं तर या दोघांपैकी एकाला मी माझ्या हातानं मारल्यासारखं होईल, आणि आपल्या घरात ते एकदा झालंय. तुझं उत्तर माझ्या नावानं पाठव, या घराच्या नावानं नको. काहीही ठरवलंस तरी त्यांना वाचून मीच दाखवेन.

वेन्सेची आणि तुझी बहीण,
बासिलिया